सौद्याचा आकार आणि मनाची स्थिती : नवख्या क्रिप्टो ट्रेडरसाठी जोखमीचे नियोजन

क्रिप्टो चलनांच्या बाजारात नव्याने उतरणाऱ्याला सर्वाधिक वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘भावनांवर ताबा ठेवा’. हा सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा उपयोगही फारसा होत नाही; कारण ताबा कसा ठेवायचा, हे तो सांगत नाही. डोळ्यांदेखत भाव कोसळत असताना आणि स्वतःची शिल्लक दर मिनिटाला आटत असताना शांत राहा, असे कोणी म्हटल्याने कोणी शांत राहत नाही. या लेखातील भूमिका अशी आहे की, ट्रेडिंगमधील भावना मनोनिग्रहाने फार थोड्या आवरतात. त्या आवरतात त्या मुख्यतः सौदा किती मोठा घ्यायचा आणि कोठे सोडायचा, हे आधी ठरवल्याने. त्यामुळे मनाविषयी बोलण्याआधी थोडे गणित करावे लागेल, आणि ते गणित नीट समजले की मनाविषयी सांगण्यासारखे बरेचसे काम आपोआप झालेले असेल.

हा बाजार कसा हलतो

शेअर बाजाराला उघडण्याची व बंद होण्याची वेळ असते, सुट्ट्या असतात आणि अनेक ठिकाणी ठरावीक घसरणीनंतर व्यवहार काही काळ थांबवण्याची सोयही असते. क्रिप्टोचा बाजार दिवसाचे चोवीस तास आणि आठवड्याचे सातही दिवस चालू राहतो, आणि घसरण कितीही तीव्र असली तरी सर्व एक्स्चेंजवरील (म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या मंचांवरील) व्यवहार एकाच वेळी थांबवणारी कोणतीही यंत्रणा त्यात नाही. १२ मार्च २०२० या एका दिवसात बिटकॉइनचा भाव ३५ टक्क्यांहून अधिक घसरला. दीर्घ मंदीचे आकडे याहून मोठे आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये २०,००० डॉलरच्या जवळ पोहोचलेला भाव वर्षभरात सुमारे ३,२०० डॉलरपर्यंत आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास असलेला भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये १६,००० डॉलरच्या खाली गेला. हे सर्वांत मोठ्या आणि सर्वाधिक उलाढालीच्या नाण्याचे चित्र आहे. लहान नाण्यांची अवस्था अशा काळात याहून बिकट असते, आणि बिटकॉइन पुढे सावरले म्हणून तीही सावरली असे झालेले नाही. मागील तेजीत गाजलेली कित्येक नाणी आज कोणी विचारतही नाही.

या घसरणींचा खरा अर्थ कळण्यासाठी तोटा आणि भरपाई यांतील विषमता लक्षात घ्यावी लागते. भांडवल १० टक्क्यांनी कमी झाले तर मूळ पदावर येण्यासाठी सुमारे ११ टक्के नफा पुरतो. २० टक्के गेले तर २५ टक्के लागतात. ५० टक्के गेले तर उरलेल्या रकमेवर १०० टक्के मिळवावे लागतात. आणि २०२२ प्रमाणे सुमारे ७७ टक्के गेले तर सव्वातीनशे टक्क्यांहून अधिक. थोडक्यात, लहान तोटा ही व्यवसायातील नेहमीची बाब आहे, पण मोठा तोटा हा लहान तोट्याची मोठी आवृत्ती नसतो. तो भरून काढण्याचे काम पूर्णपणे वेगळ्या प्रतीचे असते.

भांडवल ठरवताना

यावर फार लिहिण्याचे कारण नाही, कारण नियम सर्वपरिचित आहे आणि तो मोडण्याची कारणेही तितकीच परिचित आहेत. घरखर्च, आजारपणाची तरतूद, फेडायचे हप्ते आणि उसने घेतलेले पैसे यांपैकी काहीही ट्रेडिंगच्या खात्यात येता कामा नये. यामागे केवळ आर्थिक सावधगिरी नाही. ज्या रकमेची पुढील महिन्यात गरज पडणार आहे, ती रक्कम गुंतवणारा माणूस बाजाराकडे पाहून निर्णय घेत नाही, तो स्वतःच्या तारखेकडे पाहून निर्णय घेतो, आणि त्या तारखेशी बाजाराला काही देणेघेणे नसते. ठरवलेली रक्कमही एकदम खात्यात न भरता टप्प्याटप्प्याने भरावी, कारण समोर दिसणारी सगळी शिल्लक वापरण्याचा मोह नवख्याला हमखास होतो.

एका सौद्यात किती गमवायचे

सर्वसाधारण नवखा ट्रेडर आधी किती रकमेचे नाणे घ्यायचे हे ठरवतो, मग ते विकत घेतो आणि भाव खाली येऊ लागल्यावर कोठे बाहेर पडावे याचा विचार सुरू करतो. हा क्रम उलटा करणे हे या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. आधी ठरवावे की हा सौदा चुकला तर एकूण भांडवलापैकी किती रक्कम जाऊ द्यायची. मग भावाच्या तक्त्यावर (चार्टवर) अशी पातळी शोधावी की जेथे भाव पोहोचला तर सौदा घेण्यामागचे आपले कारणच खोटे ठरले असे मानता येईल. आणि सर्वांत शेवटी या दोहोंवरून नाण्यांची संख्या काढावी.

उदाहरणादाखल, चलन कोणतेही असो, भांडवल १,००,००० आहे आणि एका सौद्यातील जोखीम १ टक्का म्हणजे १,००० ठेवायची आहे असे मानू. नाण्याचा भाव ५०० आहे आणि ४६० च्या खाली भाव गेल्यास आपला अंदाज चुकला असे आपण मानतो. म्हणजे प्रत्येक नाण्यामागे ४० चा तोटा संभवतो. १,००० ला ४० ने भागले की २५ नाणी येतात, आणि त्यांची किंमत १२,५०० होते. याच नाण्याचे चढ-उतार अधिक असतील आणि बाहेर पडण्याची पातळी ४०० ठेवावी लागणार असेल, तर फरक १०० चा होतो, नाणी १० घ्यावी लागतात आणि गुंतवणूक केवळ ५,००० ची होते. दोन्ही वेळा संभाव्य तोटा १,००० च आहे. नाणे जितके अस्थिर तितका सौदा लहान, हे या हिशेबातून आपोआप साधते, आणि त्यासाठी कोणत्याही अंतःप्रेरणेची गरज पडत नाही. हिशेबात एक्स्चेंजचे शुल्क धरायला विसरू नये. खरेदी-विक्रीला प्रत्येकी ०.१ टक्का लागत असेल तर ते किरकोळ वाटते, पण दिवसातून पाच वेळा सर्व भांडवल फिरवणाऱ्याचा १ टक्का रोज केवळ शुल्कात जातो.

१ टक्का हा आकडा फारच लहान वाटण्याचा संभव आहे. सलग दहा सौदे चुकले तर १ टक्क्याने जोखीम घेणाऱ्याकडे सुमारे ९० टक्के भांडवल शिल्लक राहते. १० टक्क्यांनी घेणाऱ्याकडे सुमारे ३५ टक्के. सलग चुका ही दुर्मीळ घटना आहे, असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येक सौद्यात यशापयशाची शक्यता समसमान असली, तरी शंभर सौद्यांत कोठे ना कोठे सलग पाच तोटे येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. अशी मालिका आली की नवख्याला वाटते, आपली पद्धत बिघडली किंवा बाजार आपल्याच विरुद्ध उठला आहे. प्रत्यक्षात तो केवळ संख्यांचा नेहमीचा खेळ असू शकतो. सुरुवातीच्या काळात १ टक्क्याऐवजी अर्धा टक्का ठेवला तर अधिक चांगले, असे माझे मत आहे, कारण त्या काळात शिकण्याची फी जितकी कमी द्यावी लागेल तितके बरे.

या हिशेबात एक फसगत दडलेली असते. पाच वेगवेगळ्या नाण्यांत प्रत्येकी १ टक्का जोखीम घेतली म्हणजे जोखीम विभागली गेली, असा समज होतो. परंतु बिटकॉइन जोराने घसरले की बहुतेक नाणी त्याच्यासोबत आणि बऱ्याचदा त्याच्याहून अधिक घसरतात. अशा दिवशी ते पाच सौदे नसतात, ५ टक्क्यांचा एकच सौदा असतो. म्हणून एका वेळी उघड्या असलेल्या सर्व सौद्यांची मिळून एक कमाल मर्यादा, समजा ३ टक्के, ठरवून घ्यावी.

स्टॉप लॉस : लावणे आणि न हलवणे

बाहेर पडण्याची पातळी, म्हणजेच स्टॉप लॉस, मनात ठेवून चालत नाही. ती ऑर्डरच्या रूपाने एक्स्चेंजवर नोंदवलेली असावी लागते, आणि तीही खरेदी होताच. रात्री झोपेत असतानाही हा बाजार चालू असतो, एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे. स्टॉप ऑर्डरचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतील फरक आधी समजून घ्यावा. स्टॉप मार्केट प्रकारात ठरलेली पातळी येताच जो भाव मिळेल त्या भावाने विक्री होते. विक्री होण्याची खात्री अधिक, भावाची खात्री नाही. स्टॉप लिमिट प्रकारात आपण सांगितलेल्या भावापेक्षा कमी भावाने विक्री होत नाही. परंतु भाव ती पातळी ओलांडून झपाट्याने खाली गेला, तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि नाणी आपल्याच गळ्यात उरतात. तोटा थांबवणे हाच हेतू असेल तर नवख्याने पहिला प्रकार वापरावा आणि अपेक्षेपेक्षा थोडा कमी भाव मिळेल, हे गृहीत धरावे.

हा फरक किती पडेल, हे तरलतेवर अवलंबून असते. ज्या नाण्याचे खरेदीदार मोजके आहेत, त्याचा तक्त्यावर दिसणारा भाव आणि आपली सर्व नाणी विकल्यावर मिळणारा सरासरी भाव यांत मोठे अंतर पडू शकते. म्हणून सौदा घेण्यापूर्वी ऑर्डर बुक (खरेदी-विक्रीच्या प्रलंबित ऑर्डरची यादी) उघडून पाहावे, की आपल्या आकाराची विक्री पचवण्याइतके खरेदीदार तेथे आहेत का. नसतील तर नाणे कितीही आकर्षक असो, ते सोडून द्यावे. मे २०२२ मध्ये टेरा या व्यवस्थेतील यूएसटी हे डॉलरशी जोडलेले नाणे आपल्या भावावरून ढळले आणि त्याच्या जोडीची लुना, जिचा भाव महिन्याच्या आरंभी ८० डॉलरच्या आसपास होता, काही दिवसांतच एका सेंटच्याही खाली गेली. काही एक्स्चेंजनी तिचे व्यवहारच थांबवले. अशा कोसळण्यात स्टॉप लॉसही पुरेसा ठरत नाही, आणि तेथे आकाराची मर्यादा हाच उरलेला बचाव असतो.

लावलेला स्टॉप खाली सरकवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महाग चूक आहे. ‘थोडी जागा द्यावी’ असे मनात येते तेव्हा भावात बदल झालेला असतो, सौद्याच्या कारणात नव्हे. स्टॉप केवळ आपल्या फायद्याच्या दिशेने, म्हणजे खरेदीच्या सौद्यात वरच्या दिशेने, सरकवावा, असा सरसकट नियम ठेवावा. पडत्या भावात आणखी खरेदी करून सरासरी खाली आणण्याची युक्तीही याच जातीची आहे. ती आधीपासून आखलेली असेल, प्रत्येक टप्प्याची रक्कम आणि एकूण तोट्याची मर्यादा लिहिलेली असेल, तर ती पद्धत म्हणता येईल. भाव पडल्यावर सुचलेली असेल, तर ती पराभव मान्य न करण्याची सबब होय.

लिव्हरेजबद्दल थोडेसे

पहिल्या वर्षात लिव्हरेज, म्हणजे उसन्या पैशांनी आपल्या रकमेच्या कित्येक पट मोठा सौदा घेण्याची सोय, वापरू नये. दहापट लिव्हरेजमध्ये भाव आपल्या विरुद्ध सुमारे १० टक्के गेला, की मार्जिन (सौद्यासाठी तारण ठेवलेली आपली रक्कम) संपते आणि एक्स्चेंज आपला सौदा सक्तीने बंद करते. प्रत्यक्षात किमान मार्जिनची अट असल्यामुळे हे १० टक्क्यांच्या थोडे आधीच घडते. वीसपटीत हे अंतर ५ टक्क्यांच्याही आत येते, आणि एवढी हालचाल या बाजारात, विशेषतः लहान नाण्यांत, सामान्य दिवशीही होऊ शकते. म्हणजे दिशा बरोबर असूनही वाटेतील एका झटक्यात पैसे जातात. शिवाय मुदत नसलेल्या पर्पेच्युअल करारांत, बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी, फंडिंगची (भाव वाढेल आणि घटेल असे मानणाऱ्या दोन बाजूंनी एकमेकांना द्यायच्या रकमेची) देवघेव होते, आणि सर्वांचा कल एकाच बाजूला असेल तेव्हा त्या बाजूने सौदा धरून ठेवण्याची किंमत वाढत जाते.

मन कोठे दगा देते

डॅनियल कानेमन आणि अमोस त्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांताचा एक भाग असा, की तेवढ्याच रकमेच्या नफ्याने होणाऱ्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते. त्यांच्या पुढील कामात हे प्रमाण सुमारे दुपटीचे निघाले. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये गुंतवणूकदारांची याच्याशी जोडलेली एक सवय दाखवून दिली : नफ्यातील शेअर लवकर विकणे आणि तोट्यातील शेअर धरून बसणे. क्रिप्टोत हीच सवय अधिक वेगाने दिसते. ५ टक्के नफा दिसताच हात विक्रीकडे जातो, कारण तो निसटेल अशी भीती असते. ३० टक्के तोट्यात मात्र ‘विकले नाही तोवर तोटा झाला नाही’ असे स्वतःला समजावले जाते. याचा परिणाम सरळ गणिती आहे. दहापैकी चार सौदे बरोबर येऊनही, बरोबर सौद्यात जोखमीच्या दुप्पट मिळत असेल आणि चुकलेल्यात फक्त जोखीमच जात असेल, तर दहा सौद्यांअखेर जोखमीच्या दुप्पट रक्कम पदरी राहते. उलट, दहापैकी सात सौदे बरोबर आले, पण प्रत्येकात जोखमीच्या तिसऱ्या हिश्शावर समाधान मानले आणि चुकलेल्या तीन सौद्यांत पूर्ण तोटा सोसला, तर अखेरीस तोटाच राहतो. म्हणून नफ्याची पातळीही स्टॉपप्रमाणे आधीच लिहून ठेवावी, आणि संभाव्य नफा जोखमीच्या किमान दीडपट नसेल तर सौदा घेऊच नये.

संधी हुकल्याची चुटपुट हा दुसरा शत्रू, आणि हा बाजार ती निर्माण करण्यात वाकबगार आहे, कारण कोठे ना कोठे कोणते तरी नाणे दररोज वेडेवाकडे वाढत असतेच. त्यावर उपाय म्हणून सौदा घेण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहिण्याची सक्ती स्वतःवर करावी : खरेदीचे कारण, स्टॉपची पातळी, नफ्याची पातळी आणि नाण्यांची संख्या. कारणाच्या जागी ‘वाढत आहे’ याखेरीज काही लिहिता येत नसेल, तर सौदा रद्द. ओळखीचा नसलेला कोणी ग्रुपमध्ये नाणे सुचवत असेल आणि घाई करा म्हणत असेल, तर त्याला आपली नाणी विकण्यासाठी गिऱ्हाईक हवे आहे, असेच समजून चालावे.

तोट्यानंतर लगेच तो वसूल करण्यासाठी घेतलेला सौदा जवळजवळ नेहमी आधीच्यापेक्षा मोठा आणि कमी विचाराचा असतो. येथे निर्धार उपयोगी पडत नाही, कारण निर्धार करणारे मनच त्या क्षणी बिथरलेले असते. त्याऐवजी दिवसाच्या तोट्याची मर्यादा ठरवावी, समजा २ टक्के, आणि ती गाठली की अ‍ॅपमधून बाहेर पडून दुसऱ्या दिवसापर्यंत ते उघडू नये. मोठ्या नफ्यानंतरही असाच विराम घ्यावा, हे सहसा कोणी सांगत नाही. परंतु सलग यशानंतर येणारा आत्मविश्वास सौद्याचा आकार वाढवतो, आणि वाढलेल्या आकारावर आलेला पहिलाच तोटा आधीचे सर्व यश धुऊन नेतो.

सतत पडद्याकडे पाहत राहणे ही मेहनत नव्हे. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील साठ हजारांहून अधिक कुटुंबांची शेअर खाती तपासली, तेव्हा सर्वाधिक व्यवहार करणाऱ्यांना वार्षिक ११.४ टक्के परतावा मिळाल्याचे आढळले. त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिला होता. म्हणून ठरलेल्या पातळ्यांवर अलर्ट लावावेत आणि दिवसातून दोन ठरावीक वेळांनाच तक्ता पाहावा. एवढे करूनही रात्री उठून भाव पाहण्याची इच्छा होत असेल, तर मनाला दोष देत बसण्यापेक्षा सौदा निम्मा करावा. इच्छा टिकली, तर पुन्हा निम्मा करावा. शांत झोप लागेल तोच त्या व्यक्तीसाठी योग्य आकार, आणि तो कोणत्याही सूत्राने काढलेल्या आकड्यापेक्षा लहान असला तरी हरकत नाही.

तक्त्यावर न दिसणारी जोखीम

सौदा बरोबर ठरूनही पैसे बुडण्याचे मार्ग या क्षेत्रात आहेत. एकेकाळी बिटकॉइनच्या बहुसंख्य व्यवहारांचे केंद्र असलेले माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडले आणि घेणेकऱ्यांना बिटकॉइनच्या रूपाने परतफेड सुरू होण्यास जुलै २०२४ उजाडले. एफटीएक्सने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच्या काही दिवस आधीच ग्राहकांना पैसे काढणे अशक्य झाले होते. स्थिर म्हणवणारी नाणीही निर्धोक नसतात. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाल्यावर यूएसडीसीचा भाव थोड्या काळासाठी ९० सेंटच्याही खाली आला होता, कारण त्यामागील राखीव निधीचा काही भाग त्या बँकेत होता.

यावरून नवख्याने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. चालू सौद्यांना लागेल तेवढीच रक्कम एक्स्चेंजवर ठेवावी. उरलेली नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवत असाल, तर बारा किंवा चोवीस शब्दांचा सीड फ्रेज (वॉलेट पुन्हा मिळवून देणारी शब्दमाला) कागदावर लिहून दोन सुरक्षित ठिकाणी ठेवावा. त्याचे छायाचित्र काढू नये आणि तो कोणत्याही संकेतस्थळावर किंवा मदतनीस म्हणवणाऱ्या व्यक्तीला देऊ नये. खात्याला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे दुहेरी संरक्षण लावावे. नाणी हलवताना आधी लहानशी रक्कम पाठवून नेटवर्क आणि पत्ता बरोबर असल्याची खात्री करावी, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलेले पैसे परत मागण्यासाठी येथे कोणतीही बँक नसते.

नोंदवही आणि आकार वाढवण्याची वेळ

प्रत्येक सौद्याआधी लिहिलेल्या त्या चार गोष्टींपुढे सौदा संपल्यावर आणखी तीन जोडाव्यात : निकाल, योजना पाळली की मोडली, आणि मोडली असल्यास त्या क्षणी मनात काय होते. आठवड्यातून एकदा, कोणताही सौदा उघडा नसताना, ही वही वाचावी. वाचताना नफा-तोटा आधी न पाहता सौद्यांचे दोन गट पाडावेत, योजना पाळलेले आणि मोडलेले, आणि मगच दोन्ही गटांची बेरीज करावी. योजना मोडून मिळालेला नफा हा या वहीतील सर्वांत धोकादायक आकडा असतो, कारण तो चुकीच्या सवयीला बक्षीस देतो. त्याच्यापुढे ठळक खूण करावी.

पहिल्या पन्नास सौद्यांपर्यंत जोखमीचे प्रमाण अजिबात बदलू नये. त्यानंतर योजना पाळलेल्या सौद्यांची बेरीज शुल्क वजा करून नफ्यात असेल आणि योजना मोडलेले सौदे दहापैकी एकाहून कमी असतील, तर प्रमाण अर्ध्या टक्क्यावरून पाऊण टक्क्यावर न्यावे, आणि आणखी पन्नास सौद्यांनी पुन्हा तपासावे. बेरीज तोट्यात असेल, तर आकार तोच ठेवून पद्धतीत एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले हे पुढील पन्नास सौद्यांत दिसेल. भांडवल सुरुवातीच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांनी खाली आले, तर महिनाभर खरे पैसे न लावता केवळ कागदावर सौदे लिहावेत.